तीन फुटांचा चौकोन

पेपरातल्या बातम्या मी सकाळी वाचते आणि पेपरात घातलेले कागद दुपारी. जेवणं झाली, ओटा पुसला, कूलरमध्ये पाणी सोडलं, की बिल्डर लोकांचे ते गुळगुळीत कागद घेऊन मी दिवाणावर आडवी होते. बेसा, हुडकेश्वर, वर्धा रोड, सगळं आमच्या नागपूरचं. एनएमआरडीए, म्हणजे इथलं विकास प्राधिकरण, मंजूर, बँक लोन उपलब्ध. पुढच्या बाजूचं चित्र मी पाहतही नाही. तिथे हिरवळीवर गोरीगोमटी मुलं खेळत असतात आणि मे महिना कधी येतच नाही. मला हवा असतो मागचा नकाशा. हॉल दहा बाय सोळा, किचन आठ बाय नऊ, संडास-बाथरूम चार बाय सात. तो कात्रीनं नीट कापायचा आणि फाइलला लावायचा. घर घ्यायचं आहे का, तर नाही. घर आहे, तिसऱ्या मजल्यावर, हप्ते फिटलेलं. नवरा म्हणतो, "लोकांच्या बायका साड्यांचे फोटो पाहतात, तू संडासाची मापं पाहते."

पाहते बापा. काय करणार!

या फाइलला उपयोग सापडला तो मुलीमुळे. पुण्याला नोकरीवर जाताना ती जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेली आणि त्यात 'द सिम्स ४' टाकून गेली. २०२२च्या ऑक्टोबरपासून तो मूळ गेम फुकट झालाय. "आई, यात माणसं असतात. त्यांना जेवायला घालायचं, झोपवायचं, कामावर पाठवायचं." म्हटलं, बाई गं, हे मी पंचवीस वर्षांपासून करून राहिले, आता लॅपटॉपवरही करू? मग तिनं घर बांधायची बाजू दाखवली. भिंत ओढायची, खिडकी बसवायची, फरशी टाकायची. त्या दिवसापासून मी माणसांकडे फारसं पाहिलेलं नाही. खेळ सुरू करताना वीस हजार सिमोलिऑन मिळतात, ते त्यांचे पैसे. पण एक चोरखिडकी उघडून 'मदरलोड' असं टाइप केलं की खात्यात पन्नास हजार पडतात. पुन्हा टाइप केलं, की पुन्हा पन्नास. सोसायटीच्या कर्जासाठी जामीनदार शोधत माझे बाबा किती जणांच्या घरी चहा प्यायले असतील, कोण जाणे.

पण मनात येईल तसं घर बांधायला मला जमत नाही. मला नकाशा लागतो, खरा, मापांसकट. गेममधली जमीन चौकोनांची. मी एक चौकोन तीन फुटांचा धरते आणि तिथेच पंचाईत होते, कारण नागपुरातल्या निम्म्या खोल्या दहा बाय दहाच्या. तीन चौकोन घेतले तर नऊ फूट होतात, चार घेतले तर बारा. एकीकडे चिंगूसपणा, दुसरीकडे श्रीमंती, मधलं काही नाहीच. बरं, भिंती दोन चौकोनांमधल्या रेघेवर उभ्या राहतात, जागाच खात नाहीत. बाहेरची नऊ इंची, आतली साडेचार इंची हा प्रकारच नाही. २०१६ला घर घेणाऱ्यांसाठी रेराचा कायदा आला, बिल्डरांना कार्पेट एरिया, म्हणजे घरात खरी वापरता येणारी जागा, छापावा लागला, तरी फ्लॅट पाहायला जाणारा माणूस अजून डोळे बारीक करून विचारतो, "यात भिंती धरल्या की नाही धरल्या?" त्याला म्हणावं, या गेममध्ये राहायला ये.

नकाशावरचं घर एकदा उभं राहिलं, की त्यात एक माणूस सोडायचा. हे मात्र मी करते. कागदावर डबलबेड किती ऐटीत दिसतो! इथे तो ठेवून शेजारी कपाट लावलं, की आपला माणूस अडकतो. हात वर करतो, त्याच्या त्या अगम्य भाषेत कुरकुरतो आणि डोक्यावर फुग्यात कपाटाचं चित्र येतं. पाऊण कोटीचा फ्लॅट नापास. मला याचा फार आनंद होतो. पुढे कळलं, की मी काही वेगळं करत नव्हते. गेम काढणाऱ्या विल राइटचं घर १९९१च्या ओकलंडच्या आगीत जळालं. सगळं नव्यानं जमवताना माणसाला नेमकं काय काय लागतं, याचा तो विचार करू लागला. आधी त्याच्या डोक्यात होता तो घर बांधण्याचाच खेळ. माणसं होती ती बांधलेल्या घराला मार्क द्यायला. २०००मध्ये पहिला सिम्स बाजारात आला तोवर ती माणसंच घर बळकावून बसली होती. आपल्याकडे भाडेकरूंचं होतं तसं.

गेल्या आठवड्यात फाइलमधले नकाशे बाजूला ठेवले आणि मानेवाडा रोडचं आमचं घर बांधायला घेतलं. तीस बाय पन्नासचा प्लॉट, म्हणजे दहा बाय सतरा चौकोन. फाटक, छपरी, बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर, मागे न्हाणी. जिना बाहेरून, कारण वरचा मजला पुढे भाड्यानं द्यायचा होता.

तो वरचा मजला म्हणजे बाबांचा सिम्स. रेल्वेच्या ऑफिसातून आणलेला आलेखाचा कागद आणि काड्यापेटीच्या पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे. हा पलंग, हे कपाट, ही शिवणाची मशीन. रात्री जेवणं झाली की ते तुकडे नखानं सरकवत बसायचे. कूलरचाही एक तुकडा होता. तो खिडकीच्या रेघेबाहेर ठेवायचे आणि मागून कुणाला पाणी भरता येईल का, हे बोटानं चालून पाहायचे. एवढ्या बिल्डरांच्या नकाशांत मला अजून एक कूलर दिसलेला नाही. गेममध्येही नाही. खिडकीखाली मी लाकडी पेटी ठेवून भागवते. हंगामांचं एक पॅक २०१८मध्ये निघालं, त्यात उन्हानं माणसं मरतातही म्हणे, पण नवतप्याला, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांना, कूलर नाही. असो.

पुढे कागदावर भागेना, तेव्हा बाबांनी स्लॅबवर चुन्यानं खऱ्या मापाच्या खोल्या आखल्या. कोपऱ्यांत गंजलेल्या सळ्या उभ्या आणि मधे आमचं वरचं घर, उघड्यावर. आम्हा भावंडांना तिथे जायचं तर आखलेल्या दारातूनच जायचं. धाकट्यानं एकदा भिंतीतून उडी मारली, तर बाबांनी त्याला परत पाठवून दारातून यायला लावलं. आई मुगवड्या घालायची त्या वरच्या बेडरूममध्ये, एका लांब लाकडी फळीवर कापड अंथरून. फळीला एका बाजूला रुपयाएवढं भोक होतं. कापड तिथे दबायचं आणि एक वडी दर वर्षी वाकडी व्हायची. कावळे हाकलायला मी बसायचे आणि ती वाकडी वडी ओली असतानाच खायचे. कच्च्या डाळीची, हिंगाची ती चव तोंडात आली, की मला चुन्याच्या रेघाच दिसतात.

मजला झाला नाही. चुना दोन पावसाळ्यांत गेला. सळ्या शेवटपर्यंत होत्या. घर विकलं, पाडलं, आता तिथे चार मजले आहेत.

तर बांधता बांधता मधल्या खोलीच्या दारापाशी अडले. दार कोणत्या बाजूला उघडायचं? अमरावतीला भावाला फोन लावला.

"मधल्या खोलीला दार कुठे होतं? पडदा होता. मोरांचा."

"अरे, दार होतं. माझं बोट सापडलं होतं त्यात. नख काळं पडून गळलं होतं."

"ते दुसरीकडे कुठे असेल. तू काय करून राहिली दुपारची? झोप ना जरा."

मागून आईचा आवाज आला. मग फोन तिच्याकडे गेला.

"होतं दार. सागवानी होतं. मीच काढायला लावलं तुझ्या बाबांना. हा तेव्हा लहान होता, याला काय आठवणार?"

"का काढलं?"

"तुझी आजी झोपायची ना तिथे. एका रात्री पाण्यासाठी आवाज देत राहिल्या. आमच्या खोलीत कूलर, त्याची घरघर, त्यात ते दार लोटलेलं. ऐकूच आलं नाही कोणाला. सकाळी पाहिलं, तर पलंगाखाली पडलेल्या. बोलल्या काहीच नाही मला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं." मग जरा थांबून, "त्याच दिवशी बिजागऱ्या काढल्या."

"आणि दाराचं काय केलं?"

"काय करायचं? स्लॅबवर नेलं. वड्या घालायला बरं होतं. कडीचं तेवढं भोक होतं एक."

फोन ठेवून मी लॅपटॉपकडे वळले. दारावर हातोडा चालवला. गेममध्ये दार काढलं की त्या जागी भिंत होते, वरपासून खालपर्यंत, रंगासकट. मी परत दार लावलं, परत काढलं, परत भिंत. बराच वेळ शोधल्यावर दारांच्या यादीत खाली फळ्या नसलेली नुसती चौकट सापडली. ती बसवली.

मोरांचा पडदा काही मिळाला नाही.