श्रोत्यांचा माइक कुणाच्या हातात?

आमच्या पहिल्या ऑनलाइन व्याख्यानात वक्त्या ऐन भरात असताना एका श्रोत्याचा माइक चालू राहिला आणि त्याचं फोनवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू येऊ लागलं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. सत्तर नावांच्या यादीतून त्याचं नाव शोधून म्यूट केलं, तर त्याने माइक पुन्हा चालू केला. वक्त्या थांबल्या, नंतर पुन्हा सुरूही झाल्या, पण विषयाचा धागा काही जुळला नाही. मला ते फार लागलं. कुणी महिनाभर तयारी करून येतं, त्याला निर्वेध बोलता येणं ही आयोजकाची जबाबदारी आहे.

चूक आमचीच होती. समितीच्या बैठकांसाठी वापरायचो, तेच सॉफ्टवेअर आम्ही व्याख्यानालाही लावलं. बैठकीत सगळे सारखे, व्याख्यानात तसं नसतं. झूममध्ये तर मीटिंग आणि वेबिनार हे दोन वेगळे प्रकारच आहेत. वेबिनारमध्ये श्रोते फक्त बघतात आणि ऐकतात, प्रश्न वेगळ्या चौकटीत लिहितात. त्यासाठी परवाना मात्र वेगळा घ्यावा लागतो.

यूट्यूबवरून थेट प्रक्षेपण करावं, असंही एकाने सुचवलं. गर्दी कितीही झाली तरी चालते, पण चित्र काही सेकंद उशिरा पोहोचतं. प्रश्न येईपर्यंत वक्ता पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो, म्हणून ते सोडलं. जित्सी हे बैठकीचं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि लिंक उघडली की श्रोता आत येतो, हे आवडलं. छोट्या चर्चांसाठी आम्ही ते ठेवलं.

शेवटी थांबलो ते बिगब्लूबटनपाशी. हेही मुक्तस्रोतच. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात 2007 साली शिकवण्यासाठी त्याची सुरुवात झाली, आणि ते वापरताना जाणवतं. मॉडरेटर, म्हणजे सत्र सांभाळणारा, सगळ्या श्रोत्यांचे माइक, कॅमेरे, आपापसातलं चॅट एकदम कुलूपबंद करू शकतो आणि हवं तर एखाद्यापुरतं कुलूप काढू शकतो. मला नेमकं हेच हवं होतं. अडचण सर्व्हरची. तो स्वतः चालवायचा तर 8 कोरचा प्रोसेसर आणि 16 जीबी रॅमची शिफारस आहे. ओळखीच्या एका तंत्रज्ञाने ते काम अंगावर घेतलं म्हणून निभावलं. कॅमेऱ्यांचा हिशेब त्यानेच समजावला: 20 जणांनी कॅमेरे लावले आणि प्रत्येकाने सगळे पाहिले, तर सर्व्हरवर 20 गुणिले 20, म्हणजे 400 व्हिडिओ प्रवाहांचा भार पडतो. तेव्हापासून कॅमेरा फक्त वक्त्याचा आणि सूत्रसंचालकाचा.

रंगीत तालमीला बारा जण बोलावले आणि दोघांना मुद्दाम गोंधळ घालायला सांगितलं. मध्येच मी माझं इंटरनेट बंद केलं. तेव्हा कळलं की एक मॉडरेटर पुरत नाही. आता दोघं असतात: एक बोलतो, दुसरा फक्त चॅट आणि वर आलेले हात बघतो.

पुढच्या व्याख्यानानंतर एका आजींनी हात वर केला. त्यांच्यापुरतं कुलूप काढलं. आवाज नव्याने जोडून घेताना त्यांना वेळ लागला, आम्ही थांबलो. वक्त्याही थांबल्या, पण या वेळी हसत. मग आजींनी प्रश्न विचारला, स्वतःच्या आवाजात, आणि तो संपेपर्यंत मध्ये कुणी बोललं नाही.