मानेला दिलेला शेक आणि नऊ वर्षांनी कळलेले दुखणे

डाव्या गालाच्या कर्करोगासाठी २०१३ साली माझे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर गाल व मान मिळून तीस दिवस रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात तो 'शेक', देण्यात आला. रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), आठवड्यातून पाच दिवस, एकूण ६० ग्रे. शेक संपल्यावर हाती आलेल्या कागदावर तोंड कोरडे पडेल, मान आखडेल, विचारल्याशिवाय दात काढू नका, असे सारे लिहिलेले होते. मानेतील रक्तवाहिनीबद्दल मात्र एक शब्दही नव्हता.

२०२२च्या डिसेंबरात एका सकाळी वर्तमानपत्र वाचत असताना डाव्या डोळ्यासमोर वरून काळा पडदा उतरला आणि पाचेक मिनिटांत आपोआप वर गेला. त्रास थांबला म्हणून मी दोन दिवस घरीच राहिलो. ती माझी मोठी चूक होती, कारण असा झटका पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकतो आणि त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे.

नागपुरातील धंतोली भागातल्या नेत्रतज्ज्ञांनी डोळा तपासल्यावर माझ्या मानेवरची काळवंडलेली, कडक झालेली त्वचा पाहिली, तेथे स्टेथोस्कोप लावला आणि लगेच डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे रक्तवाहिनीतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, करायला पाठवले. मेंदूकडे व डोळ्याकडे रक्त नेणारी डावी कॅरोटिड धमनी सुमारे ऐंशी टक्के अरुंद झाली होती.

रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले, ते मला शब्दशः आठवते. धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराला किरणांनी इजा होते. धमनीच्या भिंतीलाच रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही बंद पडत जातात. मग भिंत जाड व ताठ होते आणि तिच्यावर चरबीचा थर एरवीपेक्षा लवकर साचतो. हे सारे इतके सावकाश घडते की, कर्करोग बरा झाला म्हणून आपण निर्धास्त झाल्यानंतर कित्येक वर्षांनी ते उघड होते.

शेक घेतलेल्या मानेत ऊती एकमेकींना चिकटलेल्या असतात, जखम नीट भरत नाही व मज्जातंतूंना धक्का लागण्याची भीती असते, म्हणून चिरफाड टाळून स्टेंट, म्हणजे धमनी आतून उघडी ठेवणारी बारीक नळी, बसवण्याचे ठरले. जांघेतून नळी वर नेली, सुटलेला कण मेंदूत जाऊ नये यासाठी पुढे छोटी जाळी उघडली आणि मग स्टेंट बसवला. मी जागाच होतो. मधूनमधून मला हाताची मूठ आवळायला सांगत होते.

शेक घेतलेल्या धमनीत स्टेंट पुन्हा अरुंद होण्याची शक्यता अधिक असल्यामुळे दर सहा महिन्यांनी डॉप्लर करतो. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी कायमची आहे. नवे डॉक्टर साखर आणि बीपी विचारतात, शेकाबद्दल क्वचितच विचारतात, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहून ठेवले आहे : 'मानेला रेडिएशन, २०१३.'