पेटीतला बोअर, गावातला बोअर

भूजलाच्या प्रशिक्षणात शिक्षकांना वर्षानुवर्षं एकच प्रयोग दाखवला जातो. काचेच्या टाकीत वाळू, वाळूत रंगीत पाणी आणि हँडवॉशच्या बाटलीचा पंप म्हणजे विहीर. पंप दाबला की पातळी सगळीकडे सारखी उतरते. प्रयोग खोटा नाही, पण तो गंगेच्या मैदानाचा आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग बेसॉल्टवर बसलाय आणि इथं पाणी असं सलग साठत नाही. ते मुरमात, खडकाच्या सांध्यांत आणि दोन लाव्हाथरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात असतं. मुलांना वाळूची टाकी दाखवून आपण त्यांच्याच पायाखालची जमीन चुकीची शिकवतो, असं माझं ठाम मत आहे.

आकडे बघा. घनमीटरभर रेताड गाळातून सुमारे 160 लिटर पाणी निथळून मिळतं, तर झिजलेल्या बेसॉल्टमधून जेमतेम 20. म्हणजे 60 मिमी पाणी मुरलं, तर वाळूत पातळी 40 सेंटिमीटरही चढत नाही. आपल्या खडकात ती 3 मीटर चढते. उपशाने उतरतेही तशीच. पोळ्याला भरलेली विहीर होळीला तळ दाखवते, त्याचं बरंचसं कारण या एका आकड्यात आहे.

म्हणून बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत आम्ही शिक्षकांकडून बेसॉल्टची पेटी करून घेतली. टाकी फूटभर लांब, चार इंच रुंद, नऊ इंच उंच. तळाला मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा इंचभर थर, हा घट्ट काळा खडक. त्यावर दीड इंच बारीक खडी, म्हणजे मांजऱ्या, पाणी धरणारा सच्छिद्र खडक. खडीच्या मधोमध क्लेचाच आडवा बांध, कारण मांजऱ्याचा पट्टा खाली कुठेतरी संपतो. त्यावर लाल क्लेची पातळ पोळी म्हणजे गेरू, दोन लाव्हाथरांमधला लाल मातकट थर, मग पुन्हा इंचभर काळा थर आणि सर्वांत वर दोन इंच मुरूम. गेरू आणि वरचा काळा थर सुरीने आरपार चिरायचे, पण फक्त डाव्या बाजूला. चिरांत आगपेटीच्या काड्या खोचून ठेवायच्या, नाहीतर क्ले परत मिटतो. क्ले एकूण अडीच-तीन किलो लागतो. विटांचे तुकडे वापरू नयेत, ते स्वतःच पाणी पितात.

फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. क्ले काचेला अंगठ्याने दाबून बसवला नाही, तर पाणी काचेच्या कडेने खाली उतरतं आणि सगळा धडा उलटा होतो. मुरूम धुतला नाही, तर गाळ चिरांत बसतो. डावीकडे मुरमात रुंद नळी, ही विहीर. सलाईनच्या दोन नळ्या तोंडाला मलमल बांधून खडीपर्यंत, एक डावीकडे, एक उजवीकडे, हे बोअर. वरून पाणी ओतलं आणि 20 मिलिलिटरच्या सिरिंजने डावा बोअर ओढला की विहीर उतरते. उजवा कितीही ओढला तरी कोरडा.

दुपारी शाळेजवळच्या विहिरीवर गेलो. विहिरीचा कातळ हेच या विषयाचं सर्वांत चांगलं पुस्तक आहे. वर मुरूम, खाली फुटका काळा, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या आणि त्यातूनच पाण्याचा उपळा, म्हणजे झरा. विहीर खणताना कामावर असलेल्या एका आबांनी प्रत्येक थर कुठे लागला ते फुटांत सांगितलं. बोअरवाले यातलं काहीच लिहून ठेवत नाहीत, याचा मला फार राग येतो. भोकातून काळी पूड कधी संपली, लाल चिखल कधी उडाला, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडतं. शेतकऱ्याच्या हातात मात्र एकूण फूट आणि केसिंगचं बिल पडतं.

संध्याकाळी पेटी गावकऱ्यांसमोर मांडली. एका शिक्षिकेने प्रयोग फार नेटका केला. डावा बोअर ओढला, विहीर उतरली, आणि मागून आवाज आला, "मॅडम, म्हणजे माझी हीर शेजारच्या बोअरनंच आटली. आता समद्यांनी बघितलं." शेजारी समोरच बसला होता. "माझं बोअर तुझ्या हिरीच्या आधीचं हाय," म्हणत तो उठला आणि पुढचा अर्धा तास भूशास्त्र बाजूला राहिलं.

पेटी पुरावा होऊ शकत नाही. त्यासाठी उपसा चाचणी लागते. दोघांना ती पटवली आणि पुढच्या आठवड्यात केली. दोन्ही मोटारी रात्रभर बंद. पहिल्या दिवशी काहीच न चालवता विहिरीची पातळी मोजायची, दुसऱ्या दिवशी फक्त बोअर चालवून. कठड्यावर खूण करून तिथूनच टेप सोडायची, टेपच्या खालच्या टोकाला खडू लावायचा म्हणजे ओली रेघ नेमकी दिसते, आणि दर दहा मिनिटांनी नोंद. शेतीची वीज पाळीने येते, त्यामुळे वेळ विजेनेच ठरवली. बोअर बंद असताना चार तासांत पाणी 2 सेंटिमीटर चढलं. बोअर चालू असताना ते जागचं हललं नाही.

म्हणजे बोअरचा परिणाम होतोय, पण विहीर आटवण्याएवढा तो आहे, असं या चाचणीवरून म्हणता येत नाही. विहीरवाल्याने पहिला भाग ऐकला, बोअरवाल्याने दुसरा. राज्याच्या 1993 च्या भूजल कायद्यात पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताभोवती नव्या विहिरीसाठी 500 मीटरचं अंतर घातलं होतं; तो कायदा आता राहिलेला नाही. दोन खासगी शेजाऱ्यांच्या अशा भांडणात ते तेव्हाही लागू पडत नव्हतं, आणि खडकातल्या भेगा तर कुठलंच वर्तुळ पाळत नाहीत.

प्रयोग गावात दाखवूच नये, असं एका सहकाऱ्याचं मत पडलं. मला ते पटत नाही. शिक्षकांना दाखवायचं आणि ज्यांचं पाणी आहे त्यांच्यापासून लपवायचं, हे बरोबर नाही. पण क्रम कसा असावा, यावर अजून विचार चालू आहे. सध्या ठरवलंय ते असं: गावात आधी उजवा, कोरडा बोअर ओढून दाखवायचा, शेजारी असूनही न जुळलेला. "तुमचा यातला कुठला?" असं विचारून थांबायचं. डावा त्यानंतर, आणि त्याच बैठकीत चाचणीसाठी दोन विहिरी व तारीख पक्की करायची. त्या शिक्षिकेची मुलं आता दर महिन्याच्या एक तारखेला, मोटार सुरू होण्याआधी, दोन्ही ठिकाणची पातळी मोजतात. फेब्रुवारीत, पाणी खाली गेल्यावर, तीच चाचणी पुन्हा करायची आहे.