हे म्हणणे खरे आहे

मोटार अपघाताच्या दाव्यात दुचाकीस्वाराचा उलटतपास संपत आला की विमा कंपनीचे वकील एक सूचना हमखास करतात: "धडकेच्या वेळी तुमचं समोर लक्ष नव्हतं, असं मी म्हणतो." साक्षीदार "खोटं आहे" म्हणतो आणि पिंजऱ्यातून खाली उतरतो. टंकलेखक तर उत्तराची वाटही बघत नाही. वकील बोलत असतानाच 'हे म्हणणे खरे नाही की' एवढं टाइप करून तो मोकळा होतो. सोळा वर्षं मी अर्जदारांच्या बाजूने ही कामं चालवते आहे आणि त्या सूचनेच्या वेळी मी बहुधा पुढच्या फाईलचा कागद शोधत असते.

त्या दिवशी माझा पक्षकार म्हणाला, "खरं आहे."

टंकलेखकाने पाच शब्द पुसले. कंपनीचे वकील माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच त्यांना काही फसवलं होतं. माणूस वाईट नाही, पण उलटतपासाची एकच झेरॉक्स दहा वर्षं चालवतो आहे. त्यातल्या प्रश्नाला खरंच उत्तर आलं तर पुढे काय विचारायचं, हे तिच्यात नाही. शेवटी न्यायाधीशांनीच विचारलं, "म्हणजे कुठे बघत होतात?"

"मागे. बायको काहीतरी म्हणाली. म्हणून मान वळवली."

प्रकरण साधं होतं. निदान मी तसं समजत होते. जानेवारी २०२३, ऊसाचा गळीत हंगाम, पहाटे साडेपाच. नवरा-बायको मोटारसायकलवर. ऊसाने भरलेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन रस्त्यावरच उभा, चालक गावात गेलेला, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. इशारा म्हणून मागे चार दगड ठेवलेले. गाडी आधी दगडावर गेली, मग ट्रॉलीवर. तो वाचला, ती जागेवर गेली. वय ३३. मुलं ११ आणि ७ वर्षांची.

दर हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतानाचे फोटो छापून येतात. हंगाम संपेपर्यंत माझ्या टेबलावर अशा दोन-तीन फाईली येतात.

तो माझ्याकडे आला पाचव्या महिन्यात. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघातानंतर ६ महिन्यांत दाखल करावा लागतो. हे लोकांना माहीत नसतं, कारण मधली बरीच वर्षं मुदतच नव्हती आणि गावातला सल्ला अजून त्याच काळातला आहे. 'आधी फौजदारी केस संपू दे, मग बघू' हा आणखी एक घातक सल्ला. चालकावरचा निष्काळजीपणाचा खटला वेगळा, भरपाईचा दावा वेगळा. तिकडे चालक सुटला म्हणून इकडचा दावा पडत नाही. इथे पुरावा संशयापलीकडे लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवते एवढं बघतात. नियमाप्रमाणे पोलिसांचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायला हवा. आमचा सविस्तर अहवाल मी ठाण्यात तीन चकरा मारल्यावर निघाला.

पहिल्या भेटीत मी नेहमीप्रमाणे दोन रस्ते सांगितले. मोटार वाहन कायद्याचं कलम १६४: मृत्यूसाठी सरसकट ५ लाख, चूक कोणाची हे सिद्ध करायची गरजच नाही. आणि कलम १६६: समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा, पण मग रक्कम हिशोबाने मिळते, बहुतेक वेळा कितीतरी जास्त.

त्याने विचारलं, "चूक विचारत नाहीत तो कोणता म्हणालात, मॅडम?"

मला वाटलं पैशाची निकड आहे. घर चालायचं, मुलांच्या फिया, उसनवारी. मी त्याला कागदावर आकडे मांडून दाखवले. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." १६६ खाली दावा दाखल झाला.

त्या दाव्यावर मी मन लावून काम केलं, हे सांगितलंच पाहिजे. घटनास्थळ पंचनामा बहुतेक वकील वाचतच नाहीत. 'रस्ता डांबरी, दक्षिणोत्तर' एवढं बघून पान उलटतात. आमच्या पंचनाम्यात हवालदाराने टेप लावली होती: मागील ट्रॉलीचे उजवे चाक डांबराच्या कडेपासून ४ फूट आत. रिफ्लेक्टरबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. पण मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालात 'मागील बाजूस दिवे व परावर्तक नाहीत' हे एक वाक्य होतं, तेही दुसऱ्या पानाच्या तळाशी, शिक्क्याखाली अर्धं झाकलेलं. ते मी भिंगाने वाचलं. ट्रॅक्टरचा विमा वेगळा, ट्रॉलीचा वेगळा, यावर कंपनीने तीन तारखा घालवल्या. शेवटी दोन्ही पॉलिसी निघाल्या.

मग तिच्या उत्पन्नाचा प्रश्न. कंपनीच्या लेखी कैफियतीत छापील वाक्य: 'मयत गृहिणी असल्याने तिचे उत्पन्न शून्य.' घरात दोन म्हशी होत्या. धारा ती काढायची, दूध डेअरीला ती घालायची, पण डेअरीचं खातं नवऱ्याच्या नावावर. म्हणजे कागदावर कमावता तो. अशा वेळी मी कीर्ती प्रकरणातला २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढते. त्यात राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे आहेत: बिनपगारी घरकामात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. न्यायाधिकरणाने तरी महिना ९,००० रुपयेच धरले. एवढ्यात म्हशींच्या नुसत्या धारा काढायलाही कोणी येणार नाही.

पुढचं गणित सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी ठरलेलं असतं. प्रणय सेठी, २०१७: चाळिशीच्या आत, पगारी नोकरी नाही, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवा, १२,६००. सरला वर्मा, २००९: अवलंबून असणारे तिघे, म्हणून तिचा स्वतःचा खर्च एक तृतीयांश वजा, ८,४००. वर्षाचे १,००,८००. वय ३१ ते ३५, गुणक १६, म्हणजे १६,१२,८००. सहवास गमावल्याचे तिघांना प्रत्येकी ४८,४००, मालमत्तेच्या नुकसानीचे आणि अंत्यविधीचे प्रत्येकी १८,१५०. एकूण १७,९४,३००. हा तक्ता मी झोपेतही मांडू शकते. 'सहवास' या सदराखाली आकडा लिहिताना पूर्वी हात थबकायचा, आता थबकत नाही.

तर, साक्ष. "मान वळवली" ऐकल्यावर माझ्या हातात फक्त फेरतपास होता आणि त्यात उलटतपासातून निघालेल्या गोष्टीचाच खुलासा करून घेता येतो. मी एकच प्रश्न विचारला: मान वळवण्याआधी, समोर बघत असताना, ट्रॉली दिसली होती का? तो म्हणाला, "नाही. अंधारच होता." त्या एका ओळीवर पुढे मी सगळा युक्तिवाद उभा केला: दिवा नसलेली ट्रॉली समोर बघणाऱ्यालाही दिसली नसती.

बाहेर व्हरांड्यात मात्र मी त्याच्यावर चिडले. प्रतिज्ञापत्र वाचून सही केली होतीत ना? त्यात 'मी सावधपणे गाडी चालवत होतो' असं आहे, ते मी मनाने लिहिलं का? (खरं तर मनानेच लिहिलं होतं. ते वाक्य आम्ही सगळेच लिहितो. माझ्याकडेही झेरॉक्स आहे.)

तो म्हणाला, "काय म्हणाली ते ऐकूच आलं नाही, मॅडम. म्हणून तर वळलो."

यावर मला काही बोलता आलं नाही. मी त्याला पुढची तारीख सांगितली.

निकालात न्यायाधिकरणाने ट्रॅक्टरचालकाला ८० टक्के आणि माझ्या पक्षकाराला २० टक्के जबाबदार धरलं. मुलांच्या वाट्याला धक्का लागला नाही. मागे बसलेल्या बाईची काहीच चूक नव्हती, तेव्हा तिच्या मुलांना दोन दोषींपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते, हा २०१५ च्या खेन्येई निकालाचा मुद्दा मान्य झाला. त्यांचे पैसे सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत गेले. कपात झाली ती फक्त बापाच्या ५,९८,१०० मधून: १,१९,६२० रुपये.

मला हे २० टक्के पटलेले नाहीत. कलम १७३ खाली ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील होतं. वादातली रक्कम १ लाखाच्या आत असेल तर होत नाही, पण आमची वर होती. मी आपणहून मसुदा तयार केला, फी नको म्हटलं. तो सही करायला आला तो पेढे घेऊनच, आणि सही केली नाही.

"वीस बरोबर आहे," म्हणाला. निकालाची प्रत त्याने घडी घालून खिशात ठेवली होती. पान कितवं तेही त्याला पाठ होतं. मी सांगत राहिले की ही टक्केवारी म्हणजे पैशाची विभागणी आहे, दुसरं काही नाही. त्याने मान डोलावली आणि मुलांच्या ठेवीची पावती कुठे जपून ठेवायची ते विचारलं.

नव्वद दिवस गेल्या महिन्यात संपले. फाईल रेकॉर्डला टाकण्याआधी मी सवयीने पहिल्या भेटीचं टिपणाचं पान उघडलं. तारीख, अपघाताचं ठिकाण, मुलांची वयं, आणि खाली माझ्याच अक्षरात: '१६४ बद्दल विचारले. समजावले.'