गुडघाभर पाण्यातला शार्क

लक्षद्वीपहून येऊन तीन महिने होत आले पण अजून कोणी भेटलं की पहिला प्रश्न तोच, शार्क दिसला का? हो म्हटलं की लगेच दुसरा, मग किती खोल गेला होतास? इथे माझी पंचाईत होते, कारण खरं उत्तर असं आहे की मी चपला हातात घेऊन, पँट दुमडून उभा होतो आणि पाणी नडगीपर्यंत होतं. आपल्या नाशिककरांचं पाणी मोजायचं माप म्हणजे गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती, त्याच्या हिशोबाने हे पाणी मारुतीच्या पावलांच्या वर गेलं नसतं. ऐकणारा हिरमुसतो, चहा संपवतो आणि विषय बदलतो.

लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर होमस्टेवाल्याने सांगितलं होतं, सकाळी भरती चढताना लगूनच्या (बेट आणि प्रवाळाच्या काठामधलं उथळ पाणी) बाजूला जा आणि हलू नका. मला भरती-ओहोटीचं ज्ञान शून्य, आपल्याकडे गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर येतो आणि उतरतो, संपलं. वीसेक मिनिटं नुसता उभा, पाठ भाजतेय, मनात येतंय की याने गंमत केली बहुतेक. मग पाण्याबाहेर एक काळं टोक दिसलं, कोळशाने रंगवल्यासारखं, बोटाच्या पेराएवढं. मग दुसरं. एकूण चार. अंगाचा रंग इतका वाळूसारखा की मासा दिसतच नाही, वाळूवर त्याची सावली सरकताना दिसते आणि त्यावरून कळतं की वर कोणीतरी आहे. एक पिल्लू माझ्यापासून चार फुटांवर आलं, मी पाय जरासा हलवला तर असं काही पळालं की पाणी माझ्या तोंडावर. शार्क मला घाबरला, हे वाक्य मी आईला फोनवर तीनदा ऐकवलं.

हे ब्लॅकटिप रीफ शार्क. आई साधारण वर्षभर पोटात वाढवते आणि दोन ते पाच पिल्लं देते, अंडी नाही, थेट पिल्लं, अर्ध्या मीटरच्या आतबाहेर लांबीची. त्यानंतर तिचा संबंध संपला, दूध नाही, राखण नाही. मग पिल्लांनी जायचं कुठे? कारण शार्कच्या पिल्लाला खाणारा मुख्य प्राणी कोण तर मोठा शार्क, आणि मोठा शार्क नडगीभर पाण्यात मावत नाही! म्हणून भरती चढली की पिल्लं पाण्याच्या कडेकडेने किनाऱ्याकडे येतात, ओहोटीला नाइलाजाने मागे सरकतात. "उथळ पाण्याला खळखळाट फार" म्हणून आपण उथळ शब्दाची पार बदनामी करून ठेवलीय, यांचा जीव त्याच उथळपणावर टिकलेला असतो.

प्रवाळबेट म्हणजे काठाचं ताट समजा. काठ म्हणजे रीफ, आतला भाग लगून, काठाबाहेर एकदम खोल. ग्रे रीफ शार्क जास्त करून त्या बाहेरच्या उतारावर, नर्स शार्क दिवसा कपारीत झोपा काढणार आणि आतल्या वाळूवर पाकट, म्हणजे चपटा स्टिंगरे मासा. पाकट मला दिसलं नाही, उडालं तेव्हा कळलं की इथे होतं. वाळू अंगावर ओढून फक्त डोळे बाहेर, आणि डोळ्यांच्या मागे दोन भोकं, तिथून ते श्वासाचं पाणी आत घेतं कारण तोंड खालच्या बाजूला, तिथून घेतलं तर वाळूच जायची. तेव्हापासून मी पाय उचलून टाकायचा बंद केला, घासत चाललो, म्हणजे त्याला आधी चाहूल लागते आणि आपण त्याच्यावर पाय देत नाही. शेपटीत काटा असतो भाऊ, विषारी.

परत आल्यावर वाचत सुटलो. पिल्लाच्या अंगात छोटा टॅग बसवतात, तो ठरावीक वेळाने आवाजाचा सिग्नल देतो, तळाशी ठेवलेलं यंत्र ऐकून नोंद करतं, मग कळतं कोण कुठे आणि किती वेळ. प्रशांत महासागरात पाल्मायरा नावाचं बेट आहे तिथे ब्लॅकटिपचा वावर जेमतेम अर्धा चौरस किलोमीटरचा निघाला. अख्खा समुद्र मोकळा आणि हा आपल्या गल्लीत.

पण मला खरा धक्का बसला तो बहामातल्या बिमिनी बेटाने. तिथे सॅम्युअल ग्रुबर या शास्त्रज्ञाने 1990 मध्ये शार्क लॅब सुरू केली आणि लेमन शार्कची पिल्लं वर्षानुवर्षं पकडून, खुणा करून, डीएनए घेऊन सोडत राहिले. 1993 ते 1997 मध्ये जन्मलेल्या काही माद्या 14 ते 17 वर्षांनी त्याच बेटावर येऊन व्यायल्या. म्हणजे बाळंतपणाला माहेरी! आणि माहेरी खारफुटी तोडून, गाळ उपसून रिसॉर्ट झालं असेल तर तिने काय करायचं, बिमिनीत हे खरंच घडलंय.

चार पिल्लं दिसली म्हणून जागेला नर्सरी, म्हणजे शार्कची पिल्लं वाढायची जागा, म्हणायचं नाही असंही कळलं (मी इन्स्टावर म्हणून बसलो होतो). 2007 पासून शास्त्रज्ञ तीन अटी लावतात, तिथे पिल्लं इतर ठिकाणांपेक्षा जास्त हवीत, ती बराच काळ राहायला हवीत आणि वर्षामागून वर्ष तीच जागा वापरली जायला हवी. नाहीतर काय, निफाडकडे नांदूरमध्यमेश्वरला बंधारा गाळाने भरला म्हणून पाणी उथळ झालं, पक्षी यायला लागले, आज ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पण एकदा चार बदकं बघून कोणी दर्जा दिला नाही.

नवजात शार्क ओळखायची एक खूण मात्र डोक्यात पक्की बसली. छातीच्या दोन परांच्या मधे पोटाकडून बारीक चीर असते, नाळेची. बेंबी. काही आठवड्यांत भरून जाते.

मागच्या रविवारी आईने बाजारात पाठवलं, वहिनी बाळंत झालीय, मोरी आण, दूध चांगलं येतं. मोरी म्हणजे शार्कच, हे घरात कोणाला सांगून उपयोग नाही. मासेवाल्या मावशींकडे बर्फात सात-आठ होत्या, मुंबईहून आलेल्या. आपल्याकडे मिळणारी एक जात पूर्ण वाढली तरी छोटीच असते त्यामुळे नुसत्या आकारावरून काही ठरत नाही, म्हणून मी एकेक उलटी करून बघायला लागलो. मावशी म्हणाल्या, काय शोधतोस रे, ताजी आहे. पहिल्या तीन गुळगुळीत. चौथीला चीर होती, अजून उघडी, नखाएवढी.

अर्धा किलो बांगडे घेतले आणि घरी सांगितलं मोरी संपली होती.