उसाच्या पाण्याचा एजंट: ठरवलेलं कधी मोडायचं?

वाळवा तालुक्यातल्या उसाच्या ठिबकला पाणी कधी सोडायचं, हे ठरवणारा एजंट, म्हणजे स्वतः निर्णय घेणारा सॉफ्टवेअर प्रोग्राम, घ्या. ओलावा, विहिरीची पातळी, वीज आहे की नाही, ही त्याची समजूत. ऊस ताणावर जाऊ द्यायचा नाही, ही इच्छा. ‘आज आधी वरचा प्लॉट, मग खालचा’ हा पत्करलेला संकल्प. तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या विचारावर संगणक संशोधक राव आणि जॉर्जेफ यांनी समजूत, इच्छा आणि संकल्प ही रचना सॉफ्टवेअरसाठी उभी केली.

योजना आखताना प्रत्येक कृतीसाठी दोन गोष्टी लिहाव्या लागतात: आधी काय खरं असायला हवं आणि नंतर काय बदलेल. ‘मोटर चालू’च्या आधी वीज हवी, विहिरीतलं पाणी फुटव्हॉल्व्हच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या खालच्या टोकाच्या झडपेच्या) वर हवं आणि निदान एक व्हॉल्व्ह उघडा हवा. ही शेवटची अट हमखास राहते. मग योजना कागदावर बिनचूक, पण मोटर बंद व्हॉल्व्हवर चालते आणि पाइप सांध्यातून सुटतो.

खरी मेख फेरविचारात आहे. दर मिनिटाला नव्याने विचार करणारा एजंट नुसते व्हॉल्व्ह बदलत बसतो, आठ तासांची वीज संपते आणि खालचा प्लॉट कोरडाच. कधीच फेरविचार न करणारा भर पावसात पाणी देतो. किनी आणि जॉर्जेफ यांच्या १९९१ च्या प्रयोगांतही हेच दिसलं: परिस्थिती संथ बदलत असेल तर संकल्पाला चिकटणारा सरस, झपाट्यानं बदलत असेल तर सावध, म्हणजे वरचेवर फेरविचार करणारा. म्हणून माझं मत ठाम आहे, फेरविचार घड्याळावर नको, घटनेवर हवा: वीज गेली, पाऊस आला, दाब पडला.

आणि प्रत्येक नोंदीला वेळ जोडा. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली, तर जुना आकडा तसाच राहतो. ठरावीक वेळेनंतर तो ‘माहीत नाही’ धरावा.