तीन बेला आणि एक खाट

शनिवार, रात्री साडेअकरा

साठीनंतर लिहायला लागलेल्या लेखिकेच्या ४ एकांकिका, २ संध्याकाळी. ऐकायला सोपं. पण एकाच हातचं सलग वाढलं की चव ओळखू येते. चारपैकी ३ संहिता दारावरच्या बेलवर संपतात. एकेक सुटी वाचताना खटकत नाही. ओळीने बघणारा प्रेक्षक दुसऱ्या बेलला हसतो, आणि नेमकी तीच जागा सुन्न करणारी असते. ३ बेला २ दिवसांत बसवायच्या तर एका संध्याकाळी दोन येणारच. त्यातली पहिली काढायची. पात्र नुसतं दाराकडे बघतं, अंधार. अर्थात लेखिकाबाईंना विचारून, आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाण्याआधी. मंजूर एक, मंचावर दुसरंच, असं चालत नाही.

वेळेचा हिशेब हमखास चुकतो. वाचनात ३० मिनिटांची संहिता उभी राहिली की ३८ वर जाते. रंगसूचनांत लिहिलेलं असतं, ‘ती खिडकीशी जाते, जुने दिवस आठवते’. आठवते म्हणजे नटीने करायचं काय? मिनिटं अशाच ओळींत मुरतात.

खरी पंचाईत वऱ्हाडीची. ‘काऊन’ (म्हणजे ‘का’) उच्चारलं की नागपुरातसुद्धा हशा पिकतो. विनोदी प्रयोगांनी लावलेली सवय, दुसरं काय! बाईंची म्हातारी ‘मी काय करून राहिली इथं?’ विचारते ते हसण्यासाठी नाही. म्हणून पहिली २ मिनिटं दूध, वीजबिल असली कामाची वाक्यं सपाट बोलायची, हेल न काढता. कान रुळला की हशा ओसरतो. मात्र एकाही नटाने ठसका दिला की केलेलं पाण्यात.

नेपथ्य चारही एकांकिकांना एकच: ६ बाय ३ फुटांच्या २ लेव्हल (उंच चौथरे), दाराची चौकट, खाट, २ खुर्च्या. मधला बदल ८ मिनिटांत. सामान कुठे ठेवायचं त्या रेडियम टेपच्या खुणा रंगाने वेगळ्या करू नयेत, अंधारात रंग कळत नाही. आकाराने कराव्यात: एका एकांकिकेला फुली, दुसरीला कोपरा. आणि टेपला आधी उजेड मिळायला हवा, नाहीतर चमकतच नाही. पडद्यामागे दिवे घालवून ठेवले की ऐन बदलात मुलं चाचपडतात.

तारखा जानेवारीअखेरच्या बऱ्या. त्याआधी राज्य नाट्य स्पर्धा, मग हिवाळी अधिवेशन. सभागृह नागपुरातल्या सायंटिफिकसारखं लहान हवं. वसंतराव देशपांडे सभागृहाच्या पसाऱ्यात या एकांकिकांची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणं अवघड.

उद्या खाट मोजायची. विंगेतून आडवी निघत नसेल तर ८ मिनिटांचं गणित गेलं.